एका वेळी एकच वाचक

रविवार, १० जून २००७
राजारामपुरी, कोल्हापूर

आज सामान लावून झालं. सामान म्हणजे तरी काय? दोन ट्रंका, गॅसची शेगडी, एक लोखंडी कॉट, गादी आणि वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन आणलेला कॉम्प्युटर. टेम्पोवाल्याने विचारलं, "वयनी, बाळ हाय व्हय त्यात?" गमतीत मी हो म्हटलं आणि मग खोटं बोलले म्हणून सगळी वाट चुळबुळत बसले. उतरताना त्याला वाकळ बाजूला करून डबा दाखवला. तो इतका हसला की माझी गादी उतरवायची विसरून चालला होता.

खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. दोनच, पण पूर्वेला गॅलरी आहे. मालकीण बयाबाई खाली राहतात. त्यांनी आल्या आल्या विचारलं, मालक कुठं असतात? घटस्फोट झाला म्हणून सांगितलं. क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग बरं झालं की. पाणी सकाळी येतंय, बादल्या भरून ठेवा." एवढ्यावर तो विषय संपला. गेल्या वर्षभरात मला कुणी इतक्या चांगल्या रीतीने सोडून दिलं नव्हतं.

दारावर पाटी लावली: शेवंता आकाराम चौगुले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'संयोगिता' लिहिलं गेलं, आणि गगनबावड्याहून आलेल्या शेवंताला हातकणंगल्याच्या मान्यांच्या घरात पुन्हा कुणी हाक मारली नाही. निकाल लागल्यावर मी ते नाव रीतसर परत घेतलं. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात छापून आणलं. पदवी शेवंताचीच होती, त्यामुळे इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची नोकरीही शेवंतालाच मिळाली.

बाजारातून स्टीलचे पेले आणले. कपबशी मुद्दाम घेतली नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हाक मारत नसत, कपावर बशी वाजवत. दोनदा. की मी जिथे असेन तिथून म्हणायचं, "आले आत्याबाई, एवढी ओळ पुरी करून." ती ओळ कधी पुरी झाली नाही. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्या असेपर्यंत घर सोडणं मला योग्य वाटलं नव्हतं. हा चांगुलपणा होता की भित्रेपणा, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आज दुपारी गॅलरीत बसून पेल्यातून चहा प्यायले. काहीच वाजलं नाही.

गुरुवार, १४ जून

पहिला तास बरा झाला. प्राचार्यांनी पीएच.डी.चा आराखडा मागितला आहे. विषय तयार आहे: संस्थानी काळातल्या मुलींच्या शाळा. टिपणंही तयार आहेत, फक्त ती सगळी कॉम्प्युटरमधल्या पुस्तकांच्या समासात आहेत.

त्याचं कारण लिहून ठेवते. माहेराहून नेलेल्या माझ्या छापील पुस्तकांची मान्यांकडे ताकाच्या गाडग्यांवर झाकणं झाली. तक्रार केली तर आत्याबाई म्हणायच्या, "झाकलंय की, फाडलंय व्हय?" पुढे सयाजीराव, म्हणजे माझे तेव्हाचे यजमान, दूध संस्थेचे सेक्रेटरी झाले, घरात कॉम्प्युटर आला आणि संस्थेचे हिशेब माझ्याकडे. पडद्यासमोर बसलेली सून म्हणजे कामात असलेली सून. तेव्हा पुण्याची एक कंपनी पुस्तकं सीडीवर विकू लागली होती. शिकवण्यांच्या पैशातून मी एकेक मागवत गेले. पानाच्या कडेला टिपण लिहायची सोय होती. इंटरनेट जोडलं की टिपणं कंपनीकडे जमा व्हायची, मशीन बिघडलं तरी जाऊ नयेत म्हणून. त्या घरात मी नुसती भाकरी थापत नव्हते याचा तेवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

आणि आज तो कॉम्प्युटर सुरूच होईना. खालच्या रस्त्यावर बाळासो नावाच्या गृहस्थांचं दुकान आहे. त्यांनी झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाले, "जळलाय, म्याडम. ह्याच्यावर आता पापड भाजा." जुना देऊन नवा घ्यायचं ठरलं. पुस्तकांचं विचारलं तर म्हणाले, सीड्या हाईत न्हवं, मग कशाला घोर लावून घेताय?

सोमवार, १८ जून

नवा कॉम्प्युटर आला. सीडी घातली, वाचायचा प्रोग्रॅम बसला. त्याने नोंदणी क्रमांक विचारला, तो दिला. मग विचारलं, वाचकाचे नाव? मी लिहिलं, शेवंता आकाराम चौगुले.

माझ्या सगळ्या पुस्तकांची नावं ओळीने आली. प्रत्येकापुढे कुलूप. कुठेही बोट ठेवलं तरी एकच वाक्य: हे पुस्तक दुसऱ्या वाचकाचे आहे.

बाळासोंना फोन केला. त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला: "जुनं नाव टाका की. कोण बघाय येतंय?" मला ते जमेना. संयोगिता सयाजी माने या नावाने मी यापुढे कोणताही व्यवहार करणार नाही असं शपथेवर लिहून दिलं आहे. कुणी बघत नसताना मोडायची असेल तर शपथ घ्यायची कशाला? बाळासो म्हणाले, मग बसा.

बसले आहे. उद्या कंपनीला फोन करीन. साधी गोष्ट आहे, सुटेल.

बुधवार, २० जून

सुटली नाही. बराच वेळ बासरी ऐकवून अक्षता नावाची मुलगी फोनवर आली. आवाजाने गोड, नियमाने दगड. म्हणाली, पुस्तकं संयोगिता मॅडमच्या नावावर आहेत, त्यांची संमती लागेल. संयोगिता मीच होते, असं सांगितलं. तिने विचारलं, "होते म्हणजे? मग आता त्या कुठे असतात?"

मी म्हटलं, कुठेच नसतात. ती लगेच हळहळली आणि वारसाचा अर्ज कसा करायचा ते सांगू लागली. शेवटी मी आवाज चढवला. नंतर वाईट वाटलं. तिचं काय चुकलं? तिच्यापुढे दोन नावं आहेत आणि ती दोन माणसं समजते आहे. राजपत्राची प्रत कुरियरने पाठवली.

मंगळवार, २६ जून

राजपत्र पोचलं. नाव बदलता येईल, अक्षता म्हणाली, पण खातं मोकळं झाल्यावर. खातं वापरात आहे.

कुणाच्या वापरात?

संयोगिता मॅडमच्या. आज सकाळीही त्या वाचत होत्या. नियम आहे, एका वेळी एकच वाचक. त्यांनी पुस्तक मिटलं की तुमचं उघडेल. कधी मिटतील, विचारलं तर म्हणाली, ते आम्ही कसं सांगणार? वाचणाऱ्याला उठ म्हणता येत नाही, मॅडम.

आज सकाळी मी वर्गात होते.

उघड आहे, बाळासोंनी जुना कॉम्प्युटर कुणाला तरी विकला आहे. मी घेतलेली पुस्तकं कुणीतरी फुकट वाचतंय आणि मी आराखड्यावर नुसतं 'प्रस्तावना' लिहून बसले आहे. इतका संताप आला की हातातला पेला भिंतीवर आपटला. पोचा आला त्याला. खालून बयाबाईंनी विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, पडलं नाही, मी टाकलं. "मग ठीक हाय," म्हणाल्या.

शनिवार, ३० जून

मी एका सज्जन माणसावर चोरीचा आळ घेऊन आले.

बाळासोंनी माळ्यावरून माझा जुना डबा काढून गिऱ्हाइकांच्या देखत टेबलावर आदळला. आतड्यांसारख्या वायरी बाहेर आलेल्या. मग खणातून एक चपटा धातूचा तुकडा काढला, मधोमध चेचलेला. ही तुमची डिस्क, म्हणाले. लोकांची कागदं बाहेर जाऊ नयेत म्हणून ते प्रत्येक जुनी डिस्क हातोड्याने फोडतात. "ह्याच्यात आता शाईचा ठिपका ऱ्हायला न्हाय, म्याडम. मी चोर हाय व्हय?" मी माफी मागितली. त्यांनी चहा मागवला, तोही मुकाट्याने प्यायले, नाही म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं.

घरी येऊन सयाजीरावांना फोन केला, पहिल्यांदाच. ते म्हणाले, तुझी पुस्तकं मी कधी बघितली? घरात आता कॉम्प्युटरच नाही, संस्थेला ऑफिस झालंय. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. माझ्या पुस्तकांत त्यांना कधीच रस नव्हता, या एका बाबतीत ते पूर्ण भरवशाचे आहेत.

मग वाचतंय कोण?

शुक्रवार, ६ जुलै

कॉलेजातून आले तर बयाबाई जिन्याशी उभ्या. जरा रागातच. पावणी आलीया तर सांगायचं न्हाय व्हय? मी म्हटलं, कोण पाहुणी? त्या म्हणाल्या, दुपारभर वर कपबशी वाजत होती, आणि बाईमाणसाचं बोलणं. सासूबाई आल्यात न्हवं तुमच्या? म्हाताऱ्या माणसाला खालीवर करायला नको म्हणून त्यांनी भाजी वर नेऊन दिली. दार तुम्हीच की उघडलं.

मी कॉलेजात होते म्हणून सांगितलं. बयाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "लई वाचून तुमच्या डोळ्यांवर ताण आलाय."

कुलूप जसंच्या तसं होतं. ओट्यावर वाटीत वांग्याची भाजी झाकून ठेवलेली होती.

झाकण म्हणून वर एक पुस्तक.

माझ्या वडिलांनी मला दिलेलं. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात, चि. शेवंतास. गाडग्यांवर पडून कधीच कुजून गेलेलं.

भाजी टाकून दिली. पुस्तक टाकवेना.

गुरुवार, १२ जुलै

मी बोलायच्या आत अक्षता म्हणाली, बरं झालं फोन केलात. काल संयोगिता मॅडमचा फोन आला होता. त्यांची तक्रार आहे, शेवंता चौगुले नावाची बाई त्यांची पुस्तकं उघडायचा प्रयत्न करते आहे.

त्यांचा आवाज कसा होता, मी विचारलं. अक्षता म्हणाली, अगदी तुमच्यासारखा. तुम्ही बहिणी आहात का? पण घाईत होत्या. मागे काहीतरी वाजलं, भांडं की काय, तशा 'आले' म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टिपणं तरी वाचून दाखव, मी विनवलं. निदान शाळांवरची. ती म्हणाली, वाचकाची टिपणं खाजगी असतात, परक्याला सांगता येत नाहीत. हवं तर तुमचं नातं लिहून घेते. तुम्ही त्यांच्या कोण?

कोण? खोटं न बोलता याला काय उत्तर आहे?

शेवटी तिने सांगितलं, जुलैअखेर जुनी पद्धत बंद होतेय. तोवर ज्या वाचकाने नव्या मशीनवर पुस्तकं उतरवून घेतली त्याची राहतील. बाकीची कायमची मिटतील. टिपणंसुद्धा.

मंगळवार, १७ जुलै

प्राचार्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, टिपणं अडकली आहेत. ते म्हणाले, आठवणीतून लिहा. बसले. आठवत नाही. आठवतं ते गोठ्याचं, दुधाच्या कॅनचं, पडद्याच्या उजेडात बसलेल्या एका बाईचं. तिने काय लिहिलं ते नाही.

ती कुठेच नसते, असं मीच म्हटलं. मी शपथेवर म्हटलं.

बयाबाई जिन्यात भेटल्या. खूष होत्या. "मंगळसूत्र घातलासा, बरं दिसतंय. आज गॅलरीत बघितलं की तुमास्नी." मंगळसूत्र मी निकालाच्या दिवशीच परत दिलं आहे.

प्रोग्रॅम उघडून यादी बघितली. पुस्तकांपुढे कुलपं, कुलपांपुढे टिपणांचा आकडा. मी बघत असताना तो वाढला.

ती आत्ता लिहिते आहे.

मंगळवार, २४ जुलै

मोरीत एक बशी.

ओली. माझ्या घरात बशी नाही.

पाठीमागच्या गल्लीत नेऊन फोडली. परत आले. ओट्यावर —

कॉलेजात रजा कळवली. नाव विचारलं तेव्हा तोंडून दुसरंच आलं. लगेच दुरुस्त केलं. केलं का? क्लार्क म्हणाला, बरं, माने मॅडम.

शनिवार, २८ जुलै

आज पुण्याला सतत फोन. बासरी. अक्षता नाही, कुणीच नाही. बासरी.

बाळासोंचं म्हणणं आठवतंय. जुनं नाव टाका की. एका नावाचा प्रश्न आहे. बाकी सगळं माझंच आहे ना? निवडलं मी, विकत घेतलं मी, चुलीवर दूध उतू जाऊ देऊन वाचलं मी. मग माझ्याच वस्तूसाठी एक शब्द खोटा लिहिला तर कुणाचं नुकसान?

कुणाचं तरी आहे. नाहीतर ती एवढी का धडपडेल?

ते कळत नाही. कळेपर्यंत पुस्तकं मिटतील.

रविवार, २९ जुलै, दुपार

टाकलं.

वाचकाचे नाव: संयोगिता सयाजी माने. कुलपं एकदम गेली. मी रडले. पानं, माझी पानं, आणि कडेला माझं लिहिणं. शाळांवरची टिपणं सगळी जागच्या जागी. कितीतरी वेळ वाचत होते. किती बरं लिहीत होते मी.

मग शेवटची टिपणं. जूनपासूनची. मी लिहिलेली नाहीत. इथे उतरवून ठेवते —

'शेवंता गेली. कोर्टात सांगितलं, संयोगिता आता नाही. मी इथेच आहे. कुणी मला न्यायला आलं नाही.'

'आत्याबाईंना मेलेलं कळत नाही. त्या चहा मागतात.'

'पुस्तकं तेवढी माझ्याजवळ आहेत. ती तिला देणार नाही. तिला दार आहे, गॅलरी आहे, स्वतःचं नाव आहे. मला हे एवढंच.'

'तिच्या घरी जाऊन आले. पेले छान आहेत. वडिलांचं पुस्तक तिला नेऊन दिलं. त्याच्याबदल्यात ही पुस्तकं सोडेल असं वाटलं.'

'ती माझं नाव टाकणार. टाकू नकोस गं. एका वेळी एकच. तू टाकलंस तर मला उठावं लागेल, आणि ही जागा रिकामी राहत नाही.'

शेवटचं. आजचं. मी वाचत असतानाच उमटलं —

'टाकलंस. बरं. मी उठते. चहात साखर कमी, आलं जास्त.'

रविवार, संध्याकाळ

गॅलरीचं दार होतं तिथे भिंत आहे. शेणाने सारवलेली.

ओल्या वैरणीचा वास.

हातात बांगड्या. हिरव्या. काढता येत नाहीत, लिहिताना वाजतात. त्या वाजू नयेत म्हणून हळू लिहिते आहे.

खाली, लांब कुठेतरी, बयाबाई कुणाला तरी शेवंताबाई म्हणून हाक मारताहेत. कुणीतरी ओ देतंय. जिन्यावरून हसत उतरतंय. मोकळी पावलं. माझ्या चपला —

बयाबाई, ती मी नव्हे. मी वर —

वाजली. एकदा.

माझं नाव लिहून ठेवते. माझं नाव शे

पुन्हा वाजली.

आले आत्याबाई, एवढी ओळ पुरी